फाइल उघडण्याचा हक्क कोणाचा ?

आंतरजालावरील एखादें गाणें ऐकावयाचें तर आज आपण नुसतें बोट लावतों आणि तें वाजूं लागतें. पंचवीस वर्षांपूर्वीं ही गोष्ट इतकी सरळ नव्हती. त्या काळीं गाणें वाजण्यापूर्वीं तें कोणी वाजवावें, यावरच संगणकाच्या पोटांत तंटा चाले. वरवर पाहतां हा यंत्रांचा तंटा. परंतु आपल्या घरांतील वस्तूवर हुकमत कोणाची, हा प्रश्न त्याच्या बुडाशीं होता.

तंटा होई कसा, तें आधीं पाहूं. त्या वेळचा ब्राउझर अक्षरें व चित्रें दाखवी. ध्वनि आणि चलच्चित्र यांसाठीं त्याला बहुधा दुसऱ्या आज्ञावलीची मदत लागे. दूरच्या संगणकाकडून येणाऱ्या फाइलीवर तिच्या प्रकाराची चिठ्ठी असे. ती वाचून, त्या प्रकारापुढें ज्या प्लेअरचें नांव नोंदलेलें असेल, त्याच्या हवालीं ब्राउझर ती फाइल करी. जागा एक आणि उमेदवार अनेक ! ॲपलचा क्विकटाइम १९९१ पासून होता, १९९५ सालीं रिअलऑडिओ निघाला, आणि मायक्रोसॉफ्टचा मीडिया प्लेअर तर विंडोजबरोबरच घरांत येई. नवा प्लेअर बसविला कीं तो जुन्याचें नांव काढून तेथें आपलें घाली. स्वतःच्या प्रकारापुरतेंच नव्हे, तर एमपीथ्रीसारख्या सामायिक प्रकारांपुढेंही. घरधन्याची संमति म्हणजे काय, तर आधींच बरोबरची खूण करून ठेवलेली एक बारीकशी चौकट !

१९९८ च्या जुलैंत रिअलनेटवर्क्सचे प्रमुख रॉब ग्लेझर यांनीं अमेरिकेच्या सिनेटच्या समितीपुढें तक्रार केली कीं, मायक्रोसॉफ्टचा प्लेअर आमचा प्लेअर निकामी करतो. दोष तुमच्याच आज्ञावलींत आहे, असें मायक्रोसॉफ्टचें उत्तर होतें. पुढें २४ मार्च २००४ रोजीं युरोपीय आयोगानें मायक्रोसॉफ्टला सुमारें ४९ कोटी ७० लक्ष युरो दंड केला आणि प्लेअरविरहित विंडोजही विकावयास लावली. पण ती फारशी कोणी घेतली नाहीं. दंडानें अन्यायाची नोंद झाली. गुंता सुटला तो सर्वांनीं एक सामायिक रीत पत्करल्यावर. २०१४ च्या ऑक्टोबरांत एचटीएमएल-५ या रीतीला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली आणि ध्वनि व चलच्चित्र दाखविणें हें ब्राउझरचेंच काम ठरलें.

सामायिक मापाचें महत्त्व समजण्यास नाशिककरांना दूर जावयास नको. त्र्यंबकेश्वरीं जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून कॅमेऱ्याबरोबर फितीला भोकें पाडण्याचें यंत्रही आणलें. पण तीं भोकें मन मानेल तशीं पाडावयाचीं नव्हतीं. १९०९ सालीं पॅरिस येथें चित्रपट-व्यावसायिकांनीं ३५ मिलिमीटरची फीत आणि चित्रागणिक चार भोकें हें माप मान्य केलें होतें. म्हणूनच नाशकांत तयार झालेली 'मोहिनी भस्मासुर' १९१४ सालीं लंडनच्या यंत्रावर चालूं शकली. फीत कोणाची आणि यंत्र कोणाचें, हा प्रश्नच उरला नाहीं.

उलट, माप एकट्याचें असलें म्हणजे मालकाबरोबर तेंही जातें. विंडोजवरील क्विकटाइमला ॲपलनें २०१६ सालीं वाऱ्यावर सोडलें. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपला. त्या वर्षांतील तबकड्या अनेक घरांच्या कपाटांत आहेत. त्यांत कोणाच्या आजीच्या ओव्या असतील, कोणाच्या लग्नांतील मंगलाष्टकें असतील. तबकडी शाबूत आहे, पण ती वाचणारा उरला नाहीं, असा प्रसंग येण्यापूर्वींच हालचाल केलेली बरी. व्हीएलसीसारखी फुकट मिळणारी आज्ञावली पुष्कळ जुने प्रकार अद्याप वाचते. तिच्या साहाय्यानें एमपीथ्रीसारख्या सर्वमान्य प्रकारांत एक प्रत करून ठेवावी. मूळ फाइल मात्र टाकूं नये. आणि नवी आज्ञावली बसवितांना त्या बारीक चौकटी वाचल्याखेरीज पुढें जाऊं नये. आपल्या घरचा आवाज कोणी ऐकवावा, हें ठरविण्याचा हक्क घरधन्याचा आहे. तो त्यानें वापरला तरच राहतो.