सोबत्याचा हात



गाणें ऐकत रात्र जागविणें आपल्या प्रांतास नवें नाहीं. सातारा जिल्ह्यांतील औंधास १९४० पासून संगीतोत्सव भरत आला आहे. मिरजेस खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या स्मरणार्थ दर्ग्यांत गायन होतें. आजच्या तरुणांचे उत्सव निराळे. गोव्यास वा पुण्यास हजारों मुलें विजेच्या वाद्यांवर नाचतात, आणि त्यांतील कांहीं अमली द्रव्यें घेतात. हें संकट दूरचें समजूं नये. २०२५ च्या जानेवारींत सांगली जिल्ह्यांत विट्याजवळ मेफेड्रोन तयार करणाऱ्या कारखान्यावर पोलिसांनीं छापा घातला.

अशा द्रव्यानें अंग तापतें, गर्दीच्या उकाड्यानें व नाचण्यानें तें अधिकच तापतें, छाती धडधडते, कधीं शुद्ध हरपते. त्या वेळीं जवळ आईबाप नसतात, डॉक्टर नसतो; असतो तो सोबती. तो पोलिसांच्या आणि आपल्या धाकानें गप्प बसला, तर उपचाराची वेळ निघून जाते.

म्हणून अमेरिकेंत १९९८ सालीं ‘डान्ससेफ’ ही संस्था निघाली. तिचे शिकविलेले स्वयंसेवक अशा उत्सवांत बसतात. पाणी देतात, खरी माहिती देतात, घाबरलेल्यास धीर देतात. उपदेश मात्र करीत नाहींत. वर्गांत न समजलेली गोष्ट मुलगा मास्तरांस विचारीत नाहीं, शेजारच्या मुलास विचारतो, हें शिक्षकास सांगावयास नको.

आपल्या सांगलींतहि या मार्गाचा अनुभव आहे, मात्र क्षेत्र वेगळें. १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेच्या कामांत शरीरविक्रय करणाऱ्या स्त्रियाच आपल्या भगिनींस एड्सपासून बचावाची माहिती व निरोध देऊं लागल्या. पुढें १९९६ सालीं ‘वेश्या अन्याय मुक्ति परिषद’ उभी राहिली. पुण्याच्या ‘मुक्तांगणां’त १९८६ पासून व्यसनमुक्त झालेलीं माणसेंच नव्या रुग्णांस हात देत आलीं आहेत.

कोणी म्हणतील, यानें व्यसनास उत्तेजन मिळेल. बुडणाऱ्यास दोर टाकणें म्हणजे पाण्यांत उडी घ्या असें सांगणें नव्हे. द्रव्य न घेणें हाच निर्भय मार्ग, हें मुलांस सांगावेंच. परंतु ज्यानें तें घेतलें, त्याचाहि प्राण मोलाचा आहे.

तेव्हां मुलांस एवढें शिकवावें: सोबती बेशुद्ध पडल्यास त्यास कुशीवर वळवावें, एकटें सोडूं नये. अंग तापलें असल्यास सावलींत नेऊन ओल्या कपड्यानें पुसावें व वारा घालावा. बेशुद्धाच्या तोंडांत पाणी ओतूं नये. तात्काळ १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि काय घेतलें तें डॉक्टरांस खरें सांगावें. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याचें ६४-अ हें कलमहि लक्षांत ठेवावें. स्वेच्छेनें मान्यताप्राप्त ठिकाणीं उपचार घेऊन ते पुरे करणाऱ्या व्यसनीस, सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत, तें खटल्यापासून संरक्षण देतें.

आणि आपण वडील मंडळींनीं? मध्यरात्रीं मुलाचा फोन आला, तर प्रथम “कोठें आहेस?” असें विचारावें. “काय केलेंस?” हा प्रश्न सकाळपर्यंत थांबूं शकतो.