हृदयाची परीक्षा आणि खिशातली गोळी



मी वैद्य नव्हे. कामगार संघटनेचा कार्यकर्ता आहे. पण आजारी माणसांचे कागद घेऊन दवाखान्यांत बसता बसता जे समजून घ्यावे लागले, ते आज आपल्यापुढे मांडतो. लोक जिला ‘स्ट्रेस थॅलियम’ म्हणतात, त्या तपासणीविषयी मी बोलणार आहे. नाव जुने राहिले. आता बहुतेक ठिकाणी थॅलियमऐवजी टेक्नेशियम वापरतात. ही अणुविद्या आपल्याला परकी नाही. अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ साली उभे राहिले, तेही गिरणगावात, परळला.

क्रेनची ताकद ती रिकामी उभी असताना कळत नाही. ठरलेले वजन उचलायला लावावे लागते. हृदयाचेही तसेच आहे. रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली तरी बसल्या जागी पुरेसे रक्त मिळते. म्हणून रोग्याला पट्ट्यावर चालवतात, नाडी वाढली की किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देतात आणि मग चित्र घेतात. जिथे रक्त कमी पोचले, तिथे चित्र फिके उमटते. नाडी किती वाढावी याचा ढोबळ हिशेब असा: २२० मधून वय वजा करावे आणि उरलेल्याच्या ८५ टक्के धरावे. पंचावन्न वर्षांच्या माणसाला साधारण १४० ठोके.

आता खिशातली गोळी पाहू. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही औषधे नाडी वाढूच देत नाहीत. त्यांचे कामच ते! मग वजन पुरते पडत नाही आणि अरुंद वाहिनी चित्रात झाकली जाते. डिल्टियाझेम, व्हेरापामिल आणि नायट्रेटच्या गोळ्या यांनीही दोष लहान दिसू शकतो. असा निर्धास्त करणारा अहवाल हाती घेऊन माणूस पुन्हा भट्टीपुढे किंवा बसच्या चाकामागे गेला, तर काय होईल, हे मी सांगायला नको.

ज्यांना चालवत नाही, त्यांना अ‍ॅडेनोसिनसारखे इंजेक्शन देऊन वाहिन्या रुंद करतात. तिथे आड येतो आपला चहा! चहा-कॉफीतले कॅफीन आणि दम्यासाठी दिले जाणारे थिओफायलिन ही दोन्ही त्या इंजेक्शनचा परिणाम अडवतात. म्हणून किमान १२ तास, पुष्कळ ठिकाणी २४ तास, चहा बंद ठेवायला सांगतात. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते. उलट डायपिरिडॅमोल घेणाऱ्याला हेच इंजेक्शन जास्त चढते.

मग सगळ्या गोळ्या सोडून जावे काय? मुळीच नाही. अटेनोलॉलसारखे औषध एकाएकी तोडले तर छातीतली कळ उसळते, झटकाही येऊ शकतो. शिवाय डॉक्टरांचा प्रश्न दर वेळी एकच नसतो. ‘रोग आहे काय?’ असे विचारायचे असेल, तर काही गोळ्या एक-दोन दिवस थांबवतात. ‘चालू औषध पुरेसे आहे काय?’ असे विचारायचे असेल, तर गोळ्या चालू ठेवूनच तपासणी करतात. कोणता प्रश्न विचारायचा आहे, हे तपासणी लिहून देणाऱ्यालाच ठाऊक असते. तेव्हा निर्णय त्यांचा. रोग्याने मनाने ठरवू नये, शेजाऱ्याने तर नाहीच.

यात रोजगाराचाही प्रश्न आहे. टेक्नेशियम सहा तासांत निम्मे होते, चोवीस तासांत सोळावा हिस्सा उरतो. आजचे द्रव्य उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. सकाळी टपरीवर घेतलेल्या एका कपापायी तपासणी पुढे गेली, तर द्रव्य वाया, दिवसाची मजुरी गेली, गावाहून आलेल्याचे भाडे गेले. आणि ‘औषधे नेहमीप्रमाणे’ एवढेच चिठ्ठीवर लिहिले, तर दोष त्या रोग्याला कसा द्यावा?

म्हणून माझे मागणे दोन बाजूंकडे आहे. दवाखान्यांनी तारीख देतानाच मराठीत छापील कागद द्यावा. कोणती गोळी, किती तास आधी थांबवायची आणि पुन्हा केव्हा सुरू करायची, हे त्यावर असावे. ‘चहा’ हा शब्द ठळक असावा. आणि आपण सर्व गोळ्यांची यादी न्यावी, दम्याच्या आणि डोकेदुखीच्याही. कागद मिळाला नाही तर मागून घ्यावा. त्यात संकोच कसला? छाती आपली आहे.