कमान आणि शिष्यवृत्ती
(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा मुलांना कॉम्प्युटर क्षेत्रातल्या संधींबद्दल दोन शब्द सांग." त्या संधींबद्दल सांगायला आज गल्लोगल्ली क्लासेस आहेत. मी जिथे गेले नाही, त्या वाटेबद्दल बोलणार आहे. आणि शेवटी आपल्या कमानीच्या वर्गणीबद्दल एक विनंती करणार आहे, तेव्हा जेवणाची घाई करू नका.

नववीतली खोडदची सहल आठवते? नारायणगावजवळ तेव्हा जीएमआरटीच्या दुर्बिणीचं काम चालू होतं. काही तबकड्या उभ्या राहिल्या होत्या, काहींचे नुसते सांगाडे होते. प्रत्येक तबकडी ४५ मीटर व्यासाची, आणि अशा ३० उभारायच्या होत्या. आपल्यातल्या कुणीतरी सरांना विचारलं, "सर, ही तर नुसती जाळी आहे, यातून काय दिसणार?" सर हसले आणि त्यांनी सांगितलं की रेडिओ लहरी लांब असतात, त्यांना जाळीही आरशासारखीच वाटते. शिवाय जाळीतून वारा निघून जातो, म्हणून सांगाडा हलका करता येतो आणि पैसे वाचतात. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. ते १९६३ साली अमेरिकेतून परत आले, त्यांनी आधी उटीला दुर्बीण उभारली आणि मग आपल्या जुन्नर तालुक्यात. कमी पैशात जगाच्या तोडीचं काम कसं करायचं, ते आपण चौदाव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलं.

परतीच्या एसटीत शेवटच्या बाकावर दोन मुलींनी ठरवलं की आपण शास्त्रज्ञ व्हायचं. त्यातली एक मी. दुसरी कोण, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कळलं असेल. तिने मला बोलायची परवानगी दिली आहे, नाव मात्र घेऊ नको म्हणाली.

मी इंजिनिअरिंगला गेले. घरी कर्ज होतं, धाकट्या भावाचं शिक्षण होतं, आणि चार वर्षांनी नोकरी नक्की, असं सगळे सांगत होते. मला त्याचा पश्चात्ताप नाही. ती मात्र बीएस्सी झाली, एमएस्सी झाली, नेटची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाली आणि पीएचडीला लागली. शाळेच्या फलकावर तिचं नाव लिहिलं होतं म्हणे.

पुढे काय झालं, ते फलकावर लिहिलं गेलं नाही. तिची शिष्यवृत्ती मंजूर होती, पण हातात येत नसे. एकदा सलग आठ महिने आली नाही. खोलीचं भाडं आणि खाणावळ मात्र दर महिन्याला द्यावीच लागे. तिच्या प्रयोगशाळेतल्या एका यंत्राचा दिवा गेला. दिवा परदेशातून यायचा होता. तीन कोटेशन्स, मग खरेदी समितीची बैठक, मग बैठक पुढे ढकलली, मग सगळ्यात स्वस्त निविदा, मग कस्टम्स. सात महिने यंत्रावर कापड घातलेलं होतं. अनुदान आलं तेही फेब्रुवारीत, आणि ३१ मार्चच्या आत खर्च करून उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं. ती म्हणायची, "माझ्या प्रयोगापेक्षा माझ्या फाइलीचाच प्रवास जास्त झालाय."

२००७ मध्ये एका रात्री तिचा मला फोन आला. पंधरा हजार हवे होते. मी दुसऱ्याच दिवशी पाठवले. पण पैसे पाठवताना वर सल्लाही दिला : "किती दिवस हे? सोड ना. सॉफ्टवेअर टेस्टिंगचा सहा महिन्यांचा कोर्स कर, आमच्याकडे लावून देते." ती काहीच बोलली नाही. चार महिन्यांनी तिने पंधरा हजार परत केले आणि त्यानंतर दोन वर्षं फोन केला नाही. मला वाटत होतं, मी मदत केली. खरं म्हणजे गेली कित्येक वर्षं तिला जे सगळेच सांगत होते, तेच मीही सांगितलं. एसटीच्या बाकावर तिच्या शेजारी बसलेली एकटीच मी होते. निदान माझ्याकडून तरी तिला ते ऐकायचं नव्हतं.

ती पीएचडी झाली. परदेशात दोन वर्षं काम करून आली. आल्यावर कळलं, जागा भरतीच बंद आहे. आज ती एका कॉलेजात घड्याळी तासिका तत्त्वावर शिकवते. आज ती इथे का नाही, असं सकाळपासून मला चौघांनी विचारलं. कारण साधं आहे. तास बुडाला की त्या तासाचे पैसे बुडतात.

ही एकटीची गोष्ट असती तर मी इथे सांगितली नसती. आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करत नाही. हा आकडा ०.६४ टक्क्यांच्या आसपास आहे. चीन दोन टक्क्यांच्या वर आहे, दक्षिण कोरिया चारच्या वर. सगळा दोष सरकारचा, असं म्हणून मला सुटता येत नाही. त्या देशांत संशोधनाचा मोठा खर्च खाजगी कंपन्या करतात. आपल्याकडे निम्म्याहून जास्त भार सरकारवर आहे आणि आमच्यासारख्या कंपन्या हात आखडता घेतात. मी त्याच क्षेत्राचा पगार गेली वीस-बावीस वर्षं घेते आहे.

काही गोष्टी सुधारल्या आहेत, तेही सांगायला हवं. संशोधक विद्यार्थ्याची सुरुवातीची शिष्यवृत्ती २०१९ मध्ये महिना ३१ हजार झाली, २०२३ मध्ये ३७ हजार. दोन्ही वेळा त्याआधी मुलांना रस्त्यावर यावं लागलं होतं. पण एका हाताने दिलं, तर दुसऱ्याने घेतलंही. २०२२ मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरणांवरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. सरकारने दिलेल्या अनुदानातूनच सरकारचा कर भरायचा.

आणि वेळ? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हायची आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये या लहरी सापडल्याची घोषणा झाली आणि आठवड्याच्या आत केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मंजुरी दिली. आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. २६०० कोटींची प्रत्यक्ष मंजुरी आली एप्रिल २०२३ मध्ये. २०१६ साली हिंगोलीच्या एखाद्या शाळेत आठवीत असलेली, ती बातमी वाचून हरखलेली मुलगी तोवर बीएस्सी होऊन बाहेर पडली असेल. ती अजून विज्ञानातच आहे का, हे कुणी विचारणार नाही.

मुलींचा प्रश्न तर आणखी जुना आहे. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण कमला, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ साली बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गेल्या. संचालक होते सर सी. व्ही. रामन. त्यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर काम पाहून ठरवू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएचडी झाल्या. विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. आज कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. आज विचारतात, "लग्नाचं काय ठरवलंय?" आणि वयाची अट नेमकी मूल लहान असतानाच संपत येते. मुलांसाठी किंवा घरासाठी काम थांबवलेल्या स्त्रियांना परत येता यावं म्हणून केंद्र सरकारची खास योजना २००२-०३ मध्ये सुरू झाली. आपल्या गावातल्या किती एमएस्सी झालेल्या सुनांना ती माहीत आहे?

आता विनंती. शाळेच्या प्रवेशद्वारावर कमान बांधायची आणि तिच्यावर आपल्या तुकडीचं नाव कोरायचं, यासाठी साडेचार लाख जमले आहेत. कमान नको, असं मी म्हणत नाही. आधी हा हिशेब ऐका. तालुक्याबाहेर राहून संशोधन करणाऱ्या मुलाला खोली आणि जेवण मिळून महिना बारा हजार धरू. शिष्यवृत्ती सहा महिने रखडली, तर ७२ हजार लागतात. म्हणजे आपल्या पैशांत एका वेळी सहा मुलं तो काळ काढू शकतात. शिष्यवृत्ती एकरकमी हातात आली की पैसे बिनव्याजी परत, आणि मग ते पुढच्याला. दान नाही, उसने. अर्ज एका पानाचा. समितीत तीनच माणसं, आणि निर्णय आठ दिवसांत. नाहीतर आपणही तीन कोटेशन्स मागू.

याने देशाचा प्रश्न सुटणार नाही. जागा भरल्या जाणार नाहीत, दिवाही लवकर येणार नाही. पण आपल्या शाळेतून गेलेल्या एखाद्या मुलीला खोलीच्या भाड्यासाठी मैत्रिणीला रात्री फोन करावा लागणार नाही, आणि मदतीबरोबर माझ्यासारखीचा सल्ला ऐकावा लागणार नाही.

मी परवा तिला ही कल्पना सांगितली. तिने विचारलं, "परतफेडीची मुदत किती?" मी म्हटलं, "तू ठरव." ती म्हणाली, "मुदत घालू नका. पैसे परत येतात." समितीत यायला ती तयार आहे, बैठक मात्र रविवारी ठेवा म्हणाली.

माझा पहिला हप्ता पंधरा हजारांचा. तो मी सकाळीच खजिनदारांकडे दिला आहे. कमानीबद्दल काय ते जेवणानंतर सगळ्यांनी मिळून ठरवू.