दारांतला नकार



हळदीच्या पेठेमुळें सांगलीचें नांव दूरवर गेलें आहे. परगांवच्या ग्राहकाची मागणी आज येथें पुष्कळदां ई-मेलनें येते. समजा, व्यापाऱ्यानें सकाळीं धाडलेलें उत्तर दुसऱ्या दिवशीं पोंचलें, तर तेवढ्यांत सौदा हातचा जातो. अशा वेळीं तारा शाबूत असतात, यंत्रहि चालू असतें. परंतु सर्व्हरवर त्या उत्तराच्या पुढें हजारों निरुपयोगी पत्रें रांग धरून बसलेलीं असतात. तीं येतात कोठून, हें आज पाहूं.

टपालाची जुनी रीत आपणांस ठाऊक आहे. मालक सांपडला नाहीं, तर पाकिटावर शेरा मारून तें धाडणाऱ्याकडे परत करितात. धाडणाऱ्याचाहि पत्ता नसला, कीं पत्र पूर्वीं ‘डेड लेटर ऑफिसां’त जाई.

ई-मेलनें हीच रीत उचलली. १९८२ सालीं जोनाथन पोस्टेल यांनीं पत्रवहनाचे नियम लिहिले. ज्या सर्व्हरनें पत्र स्वीकारलें, त्यानें तें पोंचवावें. न पोंचल्यास धाडणाऱ्यास कळवावें, असा दंडक पडला. कळविण्याच्या पत्रावर धाडणाऱ्याची जागा रिकामी ठेवावी, म्हणजे नकारावर नकार फिरत राहणार नाहींत, ही युक्तीहि त्यांतच आहे.

परंतु लबाड जाहिरातदार खोट्या नांवानें पत्रें धाडतात, आणि तींहि मनानें रचलेल्या पत्त्यांवर! आपला सर्व्हर तीं सारीं मुकाट्यानें घेतो. असा मनुष्य येथें नाहीं, हें मागाहून कळतें, आणि नकारपत्र खोट्या धाडणाऱ्याकडे निघतें. तें ना पोंचतें, ना परत येतें. पोस्टफिक्स या प्रसिद्ध सर्व्हरांत मुळची मुदत पांच दिवसांची आहे. तोंवर पुनः पुनः प्रयत्न चालतो आणि रांग वाढते. तें नांव एखाद्या खऱ्या मनुष्याचें असलें, तर न लिहिलेल्या पत्रांचे नकार त्या निरपराध्याच्या माथीं बसतात.

मग सर्वच नकारपत्रें बंद करावीं काय? तसें करूं नये. पत्त्यांत एक अक्षर चुकलेल्या प्रामाणिक मनुष्याला आपलें पत्र बुडालें, हें कधींच कळणार नाहीं.

खरा उपाय दारांतच आहे. पत्राचा मजकूर देण्यापूर्वीं समोरचा सर्व्हर प्रथम घेणाऱ्याचें नांव सांगतो. त्याच क्षणीं आपली यादी पाहावी आणि नांव नसल्यास ५५० हा नकाराचा आंकडा सांगून पत्र घेऊंच नये. मग कळविण्याची जबाबदारी धाडणाऱ्याच्या सर्व्हरवरच राहते. आपला दुय्यम सर्व्हर असल्यास त्यालाहि हीच यादी द्यावी. नाहीं तर पुढचें दार बंद आणि मागचें उघडें, अशी गत होते. आधींच तुंबलेल्या रांगेंतून ‘मेलर-डीमन’च्या नांवचीं नकारपत्रें तेवढीं निवडून काढावीं, आणि पुढें त्यांची मुदत एका दिवसावर आणावी. खऱ्या पत्रांची मुदत मात्र कमी करूं नये.

१५ ऑगस्ट १९७२ रोजीं श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेंतून पिनकोड आला. ४१६४१६ एवढे सहा आंकडे लिहिले, कीं पत्र सांगलीची वाट चुकत नाहीं. पत्त्याची खातरजमा आरंभींच झाली, म्हणजे पुढचे हेलपाटे वांचतात. जें पोंचविणें शक्य नाहीं, तें हातांत घेऊं नये. आणि जें एकदां घेतलें, त्याची वाट अडवूं देऊं नये.