पोरांचं गाऱ्हाणं कोण ऐकणार?



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. शंभर वर्षं माणसं सोबत चालतात, एका राहुटीत झोपतात, एकाच टँकरपुढं रांग लावतात. भांडणं होतच नाहीत असं नाही. पाण्यावरून होतात, जागेवरून होतात. पण डोकी फुटत नाहीत. ती काहून फुटत नाहीत, तेच आज सांगायचं आहे, कारण गावातल्या तरण्या पोरांची आम्हाला काळजी लागली आहे.

आम्ही चौथी शिकलेलो. बाकीचं शिकलो ते शेतात आणि वारीत. माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाला समाजआरती होते, ती तुम्ही पाहिली असेल. चोपदार चोप वर करतात आणि सगळे टाळ एकदम थांबतात. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. मग तिथं जाऊन तिचं गाऱ्हाणं ऐकतात, त्याचा निवाडा होतो. यात दोन गोष्टी आहेत. तक्रार करणाऱ्याला कोणी दटावत नाही, आणि तक्रार करणाराही दगड उचलत नाही, टाळ वाजवतो.

आता आपली पोरं पाहा. करमाडच्या शेजारी शेंद्र्याची एमआयडीसी आली, पैसा आला, हातोहाती मोबाईल आले. स्टेटसवरून, गाडीचा कट लागला म्हणून पोरं अंगावर धावून जातात. तलवारीनं केक कापल्याच्या बातम्या राज्यात कुठून ना कुठून येतातच. पोराला दोनच गोष्टी येतात, गप सोसायचं नाहीतर हाणायचं. तोंडानं सांगून निवाडा मागायचा, ही तिसरी गोष्ट त्याला शिकवली कोणी?

काही बाप म्हणतात, "लहान आहे, सुटेल." तसं नाही, बाबांनो. २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. सोळा वर्षं पुरी झालेल्या मुलानं अत्यंत गंभीर गुन्हा केला, तर त्याचा खटला मोठ्या माणसासारखा चालू शकतो. मग एका घराचा पैसा दवाखान्यात जातो, दुसऱ्याचा कोर्टात. शेत दोघांचंही गहाण पडतं.

म्हणून हे शाळेतच शिकवायला पाहिजे, अगदी पहिलीपासून. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात २००९ साली शांतिलाल मुथ्था यांच्या संस्थेनं मूल्यवर्धन नावाचा उपक्रम सुरू केला. किल्लारीच्या भूकंपानंतर शेकडो लेकरांना शिक्षणासाठी पुण्याला नेणारे तेच हे मुथ्था. या उपक्रमात नुसता उपदेश नाही. लेकरं जोडीनं, गटानं बसतात, खेळतात, बोलतात, दुसऱ्याचं ऐकून घेतात. पुढं हा उपक्रम राज्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गेला. पखवाजाचे बोल जसे रोज हात बसवल्याशिवाय येत नाहीत, तसंच राग आवरणंही रोज गिरवावं लागतं.

आता आपलं काम ऐका. शिक्षण हक्काच्या कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत चारात तीन माणसं पालक असतात आणि समितीत निम्म्या बाया असाव्या लागतात. पण सभेला किती जण जातात? तिथं जाऊन विचारा, तक्रारपेटी आहे का, तिचं कुलूप कधी उघडतं, चिठ्ठी टाकणाऱ्या लेकराला कोणी बोलावून विचारतं का? आणि मास्तरांना पोराला छडीनं सरळ करा म्हणून सांगू नका. त्याच कायद्यानं मारायला बंदी आहे, आणि मारानं पोरगं मारच शिकतं.

घरातही तेच करा. माउली रुसून ताटी लावून बसले, तेव्हा धाकटी मुक्ताई दाराशी उभी राहून बोलत राहिली, ताटी उघडेपर्यंत. आजचं पोरगं मोबाईलची ताटी लावून बसतं. आपण दोन हाका मारतो आणि शेताला निघून जातो. तसं न करता त्याच्याजवळ बसा, काय झालं ते विचारा, आणि तो सांगेल ते मध्ये न तोडता ऐका.

या शतकमहोत्सवात आमचं एवढंच मागणं आहे. कीर्तनाला येता तसे शाळेच्या सभेला जा. पोराचा टाळ वाजतो आहे तोवरच त्याच्याकडं जा. एकदा हातातला टाळ जाऊन दगड आला, की चोपदाराचं काम संपतं आणि पोलिसांचं सुरू होतं.

राम कृष्ण हरी!