चित्रातले घर आणि हातातले माप



आमचे शालेय शिक्षण नववीपर्यंतचे. १९८२ च्या गिरणी संपाने घरची घडी विस्कटली आणि पुढे दोन वर्षांत आमची शाळा सुटली, ती सुटलीच. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते संघटनेच्या कचेरीतल्या कपाटापुढे आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा संगणकावर घराची प्रतिकृती उभारण्याच्या विद्येवर आम्ही बोलावे, याचे आपल्याला नवल वाटले असेल. आम्हांलाही वाटते. म्हणून ही विद्या आमच्या वाट्याला कशी आली, ते आधी सांगतो.

चार वर्षांपूर्वी आम्ही राहतो त्या चाळीत पुनर्विकासाची सभा भरली. बिल्डरच्या माणसांनी भिंतीवर मोठमोठी रंगीत चित्रे लावली. वीस मजली इमारत, खाली हिरवळ, प्रत्येक गॅलरीत कोवळे ऊन. छायाचित्रेच वाटावीत इतकी ती खरी होती. मंडळी हरखून गेली. तेवढ्यात मागच्या रांगेतील एका म्हातारबाईंनी विचारले, “अहो, हे ऊन कुठल्या महिन्यातलं?” लोक हसले, परंतु उत्तर कोणीच दिले नाही. आम्ही जन्मभर करारातले कलम न् कलम वाचत आलो. चित्र मात्र आम्हांला वाचता येत नाही, हे त्या रात्री उमगले.

आमच्या संघटनेतील एका जुन्या ड्राफ्ट्समनची मुलगी याच धंद्यात आहे. तिचे वडील टी-स्क्वेअर आणि सेट-स्क्वेअर घेऊन ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा ओढीत. एक रेघ चुकली तर ब्लेडने खरवडावी लागे. १९६३ साली अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी ‘स्केचपॅड’ तयार करून पडद्यावर प्रकाशलेखणीने रेघ ओढून दाखवली. १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले. आणि हळूहळू ड्रॉइंग बोर्ड अडगळीत गेले. तंत्र बदलते तेव्हा शिकलेला हात रिकामा होतो, हे आम्ही गिरणीत पाहिले होते. येथे दुसऱ्यांदा पाहिले.

त्या मुलीने दर रविवारी आम्हांला शिकवायला घेतले. पहिला धडा ऑटोकॅडचा. त्यात प्रत्येक रेघेला माप द्यावे लागते. अंदाजाला थारा नाही. दुसरा धडा स्केचअपचा. जमिनीवर खोलीचा चौकोन काढायचा आणि तो धरून वर ओढायचा. पाहता पाहता खोली उभी राहते. रेव्हिटची रीत आणखी निराळी. तेथे भिंत म्हणजे नुसत्या दोन रेघा नव्हेत. ती कशाची, किती जाडीची, हे तिच्यासोबतच नोंदलेले असते. म्हणून विटा-प्लास्टरचा हिशेबही त्यातून निघतो.

शेवटी आले ब्लेंडर. त्याचा इतिहास आम्हां संघटनावाल्यांना विशेष प्रिय वाटला. २००२ साली ते बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा टॉन रूसेंडाल यांनी वापरणाऱ्यांकडून सात आठवड्यांत एक लाख युरोंची वर्गणी जमवून ते सोडवून घेतले आणि सर्वांसाठी खुले केले. उलट ऑटोडेस्कने २०१६ साली ऑटोकॅडचे नवे कायमचे परवाने विकणे थांबवले. भाडे भरा आणि वापरा. म्हणून तरुणांना आमचे सांगणे असे की, एकाच हत्याराला बांधून घेऊ नका. माप, प्रमाण आणि प्रकाश शिका. हत्यार बदलले तरी ते आपल्यापाशी राहते.

आता हुबेहूब चित्राची गोष्ट. प्रकाशाचा किरण भिंतीवर आपटतो, फरशीवर उडतो, काचेतून आरपार जातो. संगणक अशा असंख्य किरणांच्या वाटा मोजून प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवतो. जेम्स काजिया यांनी १९८६ मध्ये हा सारा व्यवहार एका समीकरणात मांडला. गणित खोटे बोलत नाही. परंतु कॅमेरा कोठे ठेवायचा, भिंग किती रुंद घ्यायचे, पलंग किती लहान करायचा, हे माणूस ठरवतो. रुंद भिंगातून दहा फुटांची खोली दिवाणखान्यासारखी दिसते.

आम्ही मंजूर नकाशावरून दोन्ही इमारती संगणकावर उभ्या केल्या. उंची साठ मीटर, मधले अंतर नऊ मीटर. तारीख घातली २२ डिसेंबर, वेळ भर दुपारची. मुंबईत त्या वेळी सूर्य दक्षिणेला सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो. मागच्या इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर ऊन पडले. खालचे सतरा सावलीत. म्हातारबाईंना उत्तर मिळाले.

येथे एक कबुली दिली पाहिजे. सभेत दाखवायला आम्हीही एक देखणे चित्र केले आणि अंगणात एक डेरेदार आंब्याचे झाड लावले. ती मुलगी म्हणाली, “काका, हे झाड नकाशात नाही.” आम्ही ओशाळलो. झाड काढले. ज्यासाठी आम्ही दुसऱ्याशी भांडत होतो, तेच आमच्या हातून होत होते.

पुढे बोलणी झाली. अंतर नऊचे बारा मीटर झाले. म्हणजे आणखी एक मजला उन्हात आला. फार नव्हे. परंतु खिडक्यांची मापे आणि मोकळ्या जागेची लांबी-रुंदी कराराला जोडली गेली. २०१६ च्या रेरा कायद्याचे बारावे कलमही आपण ध्यानात ठेवावे. जाहिरातीतील खोट्या माहितीवर किंवा नमुना-घरावर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झाले, तर भरपाई मागण्याचा हक्क त्याने दिला आहे. म्हणून दाखवलेले चित्र जपून ठेवा आणि त्यावर तारीख घाला.

रात्र रात्र जागून ही चित्रे करणारी मुलेही कामगारच आहेत. त्यांचे कौतुक करा. चित्राला मात्र प्रश्न विचारा. कॅमेरा कोठे आहे? पलंग किती फुटांचा? आणि हे ऊन कुठल्या महिन्यातले?