नाव डाळीचे, हक्क कोणाचा?



मी कृषी पदविका घेतलेला साधा सरकारी नोकर. मोठे भाषण मला जमणार नाही. डाळीविषयी चार शब्द बोलतो.

गेल्या दिवाळीत पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. तिने आणलेल्या पुड्यावर ठळक अक्षरांत ‘गुलबर्गा तूर’ छापले होते. पाच शिट्ट्या झाल्या तरी वरण मिळून येईना. पुडा उलटून पाहिला, तर गिरणीचे नावगाव काही नव्हते. भाचा म्हणाला, “मामा, तुमच्याकडची डाळ अशीच असते का?” ते मनाला लागले.

अशा नावांना जपणारा कायदा १९९९ साली झाला आणि १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. त्यातून मिळते ते भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय. आपल्या बिदरी कामाला ते आहेच. गुलबर्गा तूर डाळीला २०१९ मध्ये आणि सीमेपलीकडे निलंगा तालुक्यातल्या बोरसुरीच्या तूर डाळीला २०२४ मध्ये ते मिळाले. हे नाव कोणाला विकता येत नाही, गहाणही टाकता येत नाही.

पण मानांकन आले म्हणजे काम झाले, असे नाही. ज्या शेतकऱ्याला किंवा गिरणीवाल्याला ते नाव वापरायचे आहे, त्याने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. शुल्क फक्त १० रुपये. नोंद १० वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावे लागते. खोटे नाव लावणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. मात्र तक्रार कोणी तरी करायला हवी ना!

कायदा आपली भाषा विचारत नाही, नकाशा पाहतो. आपले कितीतरी सोयरे आळंद, चिंचोली भागात तूर पिकवतात; त्यांना ही नोंद करायला सांगा. ज्याचे शेत नकाशाबाहेर असेल, त्याने पोत्यावर सरळ आपल्या गावाचे नाव लिहावे. आपले नाव दुसऱ्याने वापरू नये असे वाटत असेल, तर दुसऱ्याचे आपणही वापरू नये.

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला डाळ घेताना या वर्षी पुडा उलटून पाहा. आणि विसर्जनानंतर एका संध्याकाळी शेतकरी मंडळींनी सातबारासारखी आपली पहाणी-पत्रके घेऊन माझ्याकडे यावे. अर्ज आपण मिळून भरू.

गणपती बाप्पा मोरया!